थरांच्या खडकातील तडा : एका गणिताचा इतिहास

वाचकहो, कराडहून चिपळूणकडे कुंभार्ली घाटाने जाण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना आला असेल. रस्त्यासाठी डोंगर जेथे उभा कापला आहे, तेथे सह्याद्रीची रचना उघडी पडलेली दिसते. वर काळा घट्ट कातळ. त्याखाली छिद्राछिद्रांचा, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊ खडक. मध्येच एखादी तांबड्या मातीची पट्टी. आणि तिच्याखाली पुन्हा काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे लोट एकामागून एक वाहत आले, थंड झाले आणि एकावर एक बसले, त्यांचे हे थर होत. जरा निरखून पाहिले म्हणजे असेही दिसते की, काळ्या कातळाला उभ्या भेगा आहेत आणि त्यांतील कित्येक भेगा थराच्या कडेपर्यंत येऊन तेथेच थांबल्या आहेत. कडेच्या पलीकडे दुसरा थर, त्याच्या भेगा दुसऱ्या.

भेग तेथेच का थांबली? घरातल्या एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला, तर त्याला 'गप्प बस' म्हणून बसवू नये. हा प्रश्न गेली शंभराहून अधिक वर्षे मोठमोठ्या अभियंत्यांनी आणि गणितज्ञांनी स्वतःला विचारला आहे. धरणे, बोगदे, तेलाच्या विहिरी आणि आपल्या गावची बोअर यांचे बरेचसे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. आपल्या कातळातील भेगा मुख्यतः रस थंड होऊन आकसल्यामुळे पडल्या. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब हा त्याचाच नमुना. बाहेरून ओढ बसल्याने किंवा आतून दाब आल्याने पडणाऱ्या भेगांची हकीकत थोडी वेगळी असते. परंतु थराच्या सीमेवर पोचल्यावर भेगेने पुढे काय करायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

प्रथम भेग म्हणजे काय ते पाहू. कापडाच्या दुकानात आपण नेहमी पाहतो की, दुकानदार ताग्याच्या काठाला कात्रीने एक छोटीशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडतो. चीर दिली नाही, तर पहिलवानालाही तेच कापड फाडणे कठीण जाते. म्हणजे कापडाची ताकद सगळीकडे तीच असताना एका चिरेने सारा मामला बदलला. याचा पहिला चोख हिशोब केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली जहाजबांधणी करणाऱ्यांच्या संस्थेपुढे मांडला. पोलादाच्या पत्र्याला वर्तुळाकार भोक असेल, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट झाले, आणि ओढीच्या आडव्या दिशेने त्याची लांबी रुंदीच्या दहापट झाली, तर टोकाशी ताण एकवीसपट होतो. भोक जितके अरुंद आणि टोक जितके तीक्ष्ण, तितका ताण अधिक. पत्र्याला तडा गेला की त्याच्या टोकाशी एक गोल भोक पाडून कारागीर तडा थोपवतात. त्या युक्तीमागचे कारण या हिशोबात आहे : तीक्ष्ण टोक गोल झाले की ताण उतरतो.

पण इंग्लिसच्या सूत्राने एक पेच उभा केला. भेग जर अगदी सुरीच्या धारेसारखी तीक्ष्ण असेल, तर सूत्राप्रमाणे टोकाशी ताण अमर्याद होतो; म्हणजे तडा गेलेली कोणतीही वस्तू फुंकर मारताच मोडली पाहिजे. प्रत्यक्षात आपण तडा गेलेल्या कपातून वर्षानुवर्षे चहा पितो.

हा पेच सोडवला अॅलन अर्नल्ड ग्रिफिथ या तरुण अभियंत्याने. इंग्लंडात फार्नबरो येथे विमानांच्या सरकारी संशोधन केंद्रात ते काम करीत. १९१७ साली त्यांनी जी. आय. टेलर यांच्यासह एक मजेदार तोडगा काढला होता : वेड्यावाकड्या आकाराच्या दांड्याला पीळ दिला असता आत ताण कसा वाटला जातो हे कागदावर सुटेना, तेव्हा त्यांनी त्याच आकाराच्या भोकावर साबणाचा पडदा ताणला आणि त्या पडद्याचा उतार मोजून उत्तर मिळवले. दोन्ही गोष्टींचे समीकरण एकच, म्हणून एकीवर मोजलेले दुसरीला लागू. संगणक येण्यापूर्वीचे हे एक प्रतिरूपच म्हणायचे.

ग्रिफिथने भेगेकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहिले. ताणलेल्या वस्तूत शक्ती साठलेली असते. भेग वाढली की तिच्या भोवतालचा भाग सैल पडतो आणि ती शक्ती मोकळी होते, ही जमा. पण भेग वाढण्यासाठी दोन नवे पृष्ठभाग तयार करावे लागतात आणि त्याला शक्ती लागते, हा खर्च. आता गंमत अशी की, भेग दुप्पट लांब झाली तर खर्च दुप्पट होतो. जमा मात्र चौपट होते. त्यामुळे भेग लहान असेतोवर खर्च जमेपेक्षा जास्त राहतो आणि ती निमूट पडून राहते. एका ठराविक लांबीपलीकडे गेली, की जमा वरचढ होते आणि मग ती कोणाच्या बापाला ऐकत नाही. कपाचा तडा आणि कापडाची चीर यांतला फरक इतकाच. ग्रिफिथने काचेचे धागे ओढून हे ताडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या धाग्याच्या मानाने अतिशय बारीक धाग्याची दर चौरस इंची ताकद जवळजवळ वीसपट भरली, कारण इतक्या बारीक धाग्यात मोठी भेग मावायलाच जागा नाही. त्यांचा निबंध १९२० साली सादर झाला आणि पुढच्या वर्षी छापला गेला. पुढची वीस वर्षे अभियंत्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची जोडकामाने बांधलेली जहाजे तडकू लागली, १९४३ च्या जानेवारीत 'स्केनेक्टडी' हे नवे कोरे तेलवाहू जहाज बंदरात शांत पाण्यात उभ्या जागी दुभंगले, आणि मग सर्वांना ग्रिफिथची आठवण झाली. १९५७ मध्ये जॉर्ज अर्विन यांनी त्याच विचाराला रोजच्या हिशोबात वापरता येईल असे रूप दिले.

विद्यार्थी मित्रांनो, येथपर्यंत सारे कागद-पेन्सिलीचे काम होते, आणि ते चालले कारण पत्रा सपाट, भोक एक आणि द्रव्य सगळीकडे सारखे असे मानले होते. धरण किंवा डोंगर असा सरळ नसतो. आकार वाकडा, द्रव्य जागोजागी वेगळे. तेथे सूत्र सापडत नाही, तेथे आकडेमोडच करावी लागते. हा मार्ग दाखवणारांत लुइस फ्राय रिचर्डसन यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १९१० साली त्यांनी एका दगडी धरणातील ताण काढण्यासाठी धरणाच्या आकृतीवर चौकटींची जाळी आखली आणि प्रत्येक बिंदूवरील आकडा शेजारच्या बिंदूंच्या आकड्यांवरून पुन्हापुन्हा सुधारीत नेला, तोपर्यंत, की आकडे बदलायचे थांबले. एवढी आकडेमोड एकट्याने होणार नव्हती, म्हणून त्यांनी मुले कामाला लावली आणि त्यांना बिंदूमागे मोबदला दिला. तीन अंकी आकड्यांवर सर्वांत चपळ मुलगा आठवड्याला सुमारे दोन हजार गणिते करी. चुकलेल्या गणिताचे पैसे मिळत नसत! अधिक-उणे चिन्हांच्या सरमिसळीनेच मुले जास्त अडखळत, असे रिचर्डसन नमूद करून ठेवतात. आमच्या वर्गांतली परिस्थिती आजही फारशी निराळी नाही.

संगणक आल्यावर हेच काम यंत्राकडे गेले आणि जाळीही सुधारली. १९५० नंतरच्या दशकात बोइंग विमान कंपनीसाठी काम करताना टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा ताण-वाक वेगळा लिहायचा आणि मग सर्व तुकडे सांध्यांशी जुळवायचे, अशी रीत बसवली. त्यांचा निबंध १९५६ चा. १९६० साली रे क्लफ यांनी तिला 'फायनाईट एलिमेंट' हे नाव दिले. या रीतीचा मोठा फायदा असा की, प्रत्येक तुकड्याला वेगळे द्रव्य देता येते. एक तुकडा कातळाचा, शेजारचा मांजऱ्याचा, त्याखालचा तांबड्या मातीचा. थरांच्या खडकाला ही रीत जणू बेतून शिवल्यासारखी बसते.

आणि या रीतीची स्थापत्यशास्त्रातली पहिली मोठी कसोटी एका तड्यावरच झाली, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात नॉरफोर्क नावाचे काँक्रीटचे धरण आहे. बांधकामाच्या वेळी तापमानाच्या फरकाने त्याच्या पोटात उभी भेग पडली होती. धरण भरल्यावर या भेगेमुळे काही धोका आहे काय, हे साठच्या दशकाच्या आरंभी क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी संगणकाने तपासले.

येथून गोष्ट आपल्या दारात येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ इतकी होती; सुमारे १८० माणसे दगावली, कित्येक हजार घरे कोसळली. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ती पहाट अजून आठवत असेल. हादरा मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला होता. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण फुटले नाही. परंतु त्याला तडे गेले, आणि तेही वाटेल तेथे नव्हेत. धरणाच्या मागच्या अंगाचा उतार वरच्या भागात एका ठिकाणी एकदम बदलतो, बरोबर त्या उंचीवर पुढील आणि मागील अशा दोन्ही बाजूंना आडव्या भेगा दिसल्या. त्या काळच्या रूढ पद्धतीप्रमाणे धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर वजनाच्या वीस टक्केही नाही, अवघा पाच टक्के धरला होता. धरणाच्याच गॅलरीत बसवलेल्या यंत्राने मात्र गुरुत्वाच्या जवळजवळ निम्मा धक्का नोंदवला.

क्लफ यांच्याबरोबर काम केलेले भारतीय वंशाचे प्राध्यापक अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी बर्कले येथे या नोंदीचा उपयोग करून संपूर्ण हादरा संगणकात पुन्हा घडवला. १९७३ साली त्यांनी दाखवले की, उतार बदलतो त्या ठिकाणी काँक्रीटवर त्याच्या ताणशक्तीच्या दुप्पट-तिप्पट ओढ बसली असली पाहिजे. म्हणजे तडे नेमके हिशोबाने सांगितले तेथेच होते. इंग्लिसने पत्र्याच्या कोपऱ्याबद्दल जे म्हटले, तेच येथे डोंगराएवढ्या प्रमाणात घडले. भेगा भरून काढण्यात आल्या, आणि धरणाच्या न वाहणाऱ्या भागाला मागून काँक्रीटचे जाड आधार देण्यात आले. त्यानंतर एक विलक्षण गोष्ट झाली. भूकंपात काँक्रीटच्या धरणाला तडा कसा जातो याचे नवे गणित जगात कोणीही रचले, की ते बहुधा प्रथम कोयनेवर लावून पाहतो, मग तो जपानचा असो, चीनचा असो वा कॅनडाचा. हादऱ्याची नोंद आहे, भेगांची जागा ठाऊक आहे. उत्तर माहीत असलेला असा प्रश्न परीक्षकाला दुसरा कुठे मिळणार? कोयनानगरच्या लोकांनी ती पहाट सोसली, तिच्यावर जगभरचे संशोधक आपली गणिते तपासतात.

एक अडचण मात्र होती. जाळीच्या गणितात तुकडे एकमेकांना चिकटलेले असतात, आणि भेग तर चिकटलेले सोडवते. आरंभी भेगेला फक्त तुकड्यांच्या कडेकडेनेच जाता येई. ती वाकली की सगळी जाळी नव्याने आखावी लागे. शिवाय टोकाशी ताण इतका चढतो की, साधे तुकडे तेथे खोटी उत्तरे देतात. त्यावर १९७५-७६ च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे एक साधी युक्ती सापडली. त्यांतील एक संशोधक रोशदी बर्सूम. तुकड्याच्या कडेवर मधोमध जो बिंदू असतो, तो टोकाकडे सरकवून पावअंतरावर ठेवायचा, बस्स. एवढ्याने तुकडा आपोआप भेगेच्या टोकासारखा वागू लागतो. मला तर या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. नवे यंत्र नाही, जास्त खर्च नाही, एक बिंदू थोडा सरकवला. पुढे १९९९ मध्ये बेलिच्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भेगेला जाळीच्या कडेच्या बंधनातून पूर्ण मोकळे केले. आता भेग तुकड्याच्या पोटातूनही जाऊ शकते, जाळी तीच राहते.

धरण एकसंध मानले तर चालते. आता पुन्हा थरांकडे वळू.

इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर चुनखडीचे आणि चिकणमातीच्या खडकाचे पातळ थर आलटून पालटून रचलेले आहेत. तेथे, आणि अशा थरांच्या प्रदेशात इतरत्रही, भूवैज्ञानिकांना एक नियम आढळला. पातळ थरात भेगा जवळजवळ असतात, जाड थरात दूरदूर. दोन भेगांमधले अंतर साधारणपणे थराच्या जाडीएवढे भरते. हे कुणी मोजून आखले असावे असे वाटते. १९६७ साली, म्हणजे कोयनेच्याच वर्षी, हॉब्ज यांनी याचे कारण सांगण्याचा यत्न केला. ठिसूळ थराला भेग पडली की भेगेजवळ त्याची ओढ संपते. पण वरचे-खालचे मऊ थर अजून ताणलेले असतात, ते आपली ओढ चिकटलेल्या पृष्ठभागातून हळूहळू पुन्हा ठिसूळ थरात भरतात. भेगेपासून पुरेसे दूर गेल्यावर ओढ पहिल्याइतकी होते आणि तेथे नवी भेग पडते. ओढ पुन्हा भरायला लागणारे अंतर थराच्या जाडीवर ठरते, म्हणून जाड थर, दूर भेगा. हे पटण्यासारखे आहे. पण हॉब्जच्या हिशोबाप्रमाणे थर अधिक ताणत राहिलो तर मधेमधे भेगा पडतच राहतील, अंतर निम्मे, पाव, अर्धपाव होत जाईल. डोंगरात तसे दिसत नाही. अंतर साधारण जाडीएवढे झाले की भेगा पडायच्या थांबतात.

हे कोडे सुटायला २००० साल उजाडावे लागले. ताइशू बाई, डेव्हिड पोलार्ड आणि हुआजियान गाओ यांनी संगणकात एक ठिसूळ थर दोन थरांमध्ये घातला, त्याला भेगा पाडल्या, आणि त्या हळूहळू जवळ आणीत मधल्या जागेतील ताण मोजला. भेगा दूर होत्या तेव्हा मधोमध ओढ होती. त्या जवळ आल्या तशी ओढ कमी होत गेली. आणि अंतर थराच्या जाडीपेक्षा किंचित कमी होताच तेथे ओढीची जागा दाबाने घेतली! बाहेरून दोन्ही बाजूंनी ओढत असूनही मधला खडक दाबला जात होता. दाबलेल्या खडकात ओढीची भेग पडणार कशी? म्हणून भेगा थांबतात. भेगेत पाण्याचा दाब असेल किंवा खडकात मोठे दोष असतील, तर त्याहून जवळ भेगा पडू शकतात. क्वचित तशा दिसतातही. परंतु साऱ्या हयातभर डोंगर पाहून हे कारण कोणाला हाती लागले नसते, कारण मधला दाब डोळ्यांना दिसत नाही. तो हिशोबातच दिसतो.

आता सीमेवर पोचलेल्या भेगेचे काय? तिच्यापुढे वाटा थोड्याच. ती सरळ पुढच्या थरात शिरेल, तेथेच थांबेल, अथवा सीमेवर वळून आडवी धावेल. (कधी कधी ती थोडी आडवी जाऊन बाजूला पुन्हा उभी चढते, जिन्याच्या पायरीसारखी.) १९६४ साली कुक आणि गॉर्डन यांनी हिशोब केला की, भेगेच्या टोकासमोर दोन ओढी असतात : एक भेग उघडणारी, दुसरी भेगेच्या धावण्याच्या दिशेनेच ओढणारी. दुसरी पहिलीच्या सुमारे एक पंचमांश असते, आणि ती टोकाच्या जरासे पुढे सर्वांत जास्त असते. म्हणून समोर आडवा सांधा असेल आणि त्याची पकड खडकाच्या ताकदीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असेल, तर भेग पोचण्यापूर्वीच सांधा उघडतो. भेग येते ती त्या पोकळीत, आणि तिचे तीक्ष्ण टोक बोथट होते. कारागिराने तड्याच्या टोकाशी पाडलेले भोक आठवा. कच्चा सांधा हेच काम न सांगता करतो.

यावरून असे वाटेल की, थरांचे खडक म्हणजे भेगांना आपोआप बांध. तेलकंपन्यांनाही असेच वाटत होते. १९४७ साली अमेरिकेत कॅन्सास राज्यातील ह्यूगोटन वायुक्षेत्रात विहिरीत प्रचंड दाबाने द्रव सोडून खडक फोडण्याचा पहिला प्रयोग झाला आणि १९४९ पासून हा धंदाच सुरू झाला. आपल्यापैकी ज्यांचे आप्त आखातात तेलाच्या कामावर आहेत, त्यांच्या कानांवर 'फ्रॅकिंग' हा शब्द आला असेल, तेच हे. आरंभी अनेकांची समजूत होती की अशी भेग थरांच्या सांध्यांतून आडवी पसरते. १९५७ मध्ये हबर्ट आणि विलिस यांनी जिलेटिनच्या गोळ्यात पातळ प्लॅस्टर दाबून भरून दाखवले की, भेग सर्वांत कमी दाबाच्या दिशेला काटकोन करून उघडते, आणि खोल जमिनीत ती बहुधा उभी असते. उभी भेग म्हटली की लगेच प्रश्न आला, किती उंच? तिने वरचा थर फोडला, तर महागडा द्रव भलतीकडे जाणार, आणि वर पाण्याचा थर असेल तर लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न येणार. त्या काळच्या गणितांनी ही अडचण सोपी करून टाकली होती : भेगेची उंची थराच्या जाडीएवढी असे आधीच गृहीत धरायचे! वरचा खडक अधिक ताठ असला की भेग थांबेल, असा भरवसाही अनेकांना होता.

हे खरे की खोटे, ते पाहण्यासाठी अमेरिकेच्या सांडिया प्रयोगशाळेच्या माणसांनी फार सरळ मार्ग धरला. नेव्हाडाच्या वाळवंटात, अणुचाचण्यांच्या जागेतील बोगद्यांमधून, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत त्यांनी रंगीत सिमेंटचा द्रव दाबाने भरला, तो घट्ट होऊ दिला आणि मग खोदत जाऊन भेग प्रत्यक्ष पाहिली. खडकातील प्रत्येक थरावर रंगाची रेघ कोठवर गेली ते मोजले. भेग कित्येक पट ताठ थरातही बेधडक शिरलेली आढळली. ती थांबली ती जेथे खडकावर आधीचाच आडवा दाब वाढलेला होता तेथे. १९८२ साली नॉर्मन वॉर्पिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९८४ मध्ये ट्युफेल आणि क्लार्क यांनी प्रयोगशाळेतील दगडांवर तो पडताळला आणि त्यात सांध्याच्या कच्चेपणाची भर घातली. ताठपणावरची भिस्त गेली. आजची गणिते प्रत्येक थराचा दाब विचारतात, सांध्याची पकड विचारतात, आणि हे आकडे भोक पाडून मोजल्याखेरीज मिळत नाहीत. संगणक कितीही मोठा असला, तरी त्याला दिलेला दाब अंदाजाचा असेल, तर त्याने काढलेली भेगही अंदाजाचीच.

आपल्याकडे दख्खनच्या कातळाखाली काय आहे, याचीही अशीच भोक पाडून खात्री करावी लागली. कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले, ते २०१७ साली पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाचे थर, आणि त्याखाली एकदम जुना ग्रॅनाइटसारखा खडक. कोयनेचे भूकंप या खालच्या खडकात होतात. तेथील दाब, तापमान आणि खडकाचे गुण मोजल्यावर तेथील जुन्या भेगा कशा सरकतात याचे गणित बांधता येते.

राहिली गावची बोअर. दख्खनच्या कातळात पाणी कातळात नसते. ते भेगांत, छिद्रांच्या थरात आणि दोन लोटांच्या सांध्यावर असते. म्हणून एकाच शेतात एक बोअर धो धो लागते आणि वीस पावलांवरची कोरडी जाते. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कमी पाण्याच्या विंधन विहिरींवर 'जलभंजन' करते, तेही याच तत्त्वावर. विहिरीत ठराविक खोलीवर रबरी अडसर बसवून त्याखाली मोठ्या दाबाने पाणी सोडतात. पाणी बुजलेल्या भेगा साफ करते, बारीक भेगा रुंदावते आणि जमले तर दूरच्या पाणीदार भेगेशी विहीर जोडते. अडसर घट्ट कातळात बसला पाहिजे, नाहीतर पाणी बाजूने वर निसटते आणि दाबच चढत नाही. खाली भेग मुळीच नसेल, तर या दाबाने नवा खडक फुटेलच असे नाही. तेव्हा असे काम सांगताना खर्च विचारण्याआधी खोदाईच्या वेळची नोंद मागावी : किती फुटांवर कातळ, किती फुटांवर मांजऱ्या, तांबडी माती कुठे लागली, आणि ओल पहिल्यांदा कोठे दिसली. ती नोंद बहुतेक ठिकाणी ठेवलेलीच नसते. खोदणारा निघून जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात अडसर कोठे बसवायचा हे कोणालाच सांगता येत नाही.